सोमीचं राहिलेलं लग्न

आत्या आमच्या घरी यायची ती नेहमी मागच्या दाराने. पुढच्या दारात बाबा बसलेले असायचे, चष्मा नाकावर आणि पवित्र शास्त्र मांडीवर, आणि आत्या बाबांशी बोलत नसे. भांडण म्हणावं असं काही कधी झालेलं मी पाहिलं नाही. डोंगरातल्या वाडीवरून ती तासभर चालत खाली यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकायची, आईशी गप्पा मारायची, माझ्या वेण्या ओढायची. आतून बाबा खाकरले की मला म्हणायची, "रुती, तुझ्या बापाला सांग, बकरी व्याली." बाबा चार हातांवर, त्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी मी मान वळवून ओरडायची, "बाबा, आत्याची बकरी व्याली." बाबा म्हणायचे, "देवाची स्तुती असो. पिल्लं किती, विचार." मग मी पुन्हा मान वळवून विचारायची. असा आमचा पोस्टमनचा धंदा आठ वर्षं चालला. मला भावंडं नव्हती, त्यामुळे मोठी झाली की सगळी भावंडं अशीच मधे कोणाला तरी घालून बोलत असतील, असं मी धरून चालले होते.

आमचं घर म्हणजे मिशनच्या आवारातल्या दोन खोल्या, कर्जतहून खालापूरकडे जाताना डाव्या हाताला. आवारात दगडी देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो), दवाखाना, मुलांचं बोर्डिंग, एक भली मोठी विहीर आणि चिंचेची तीन झाडं. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा, तो झाडाला टांगलेला होता आणि दुसऱ्या लोखंडाने त्यावर ठोकायचं. लांबून घाट चढणाऱ्या गाडीला मागून लावलेल्या इंजिनाचा धापा टाकल्याचा आवाज यायचा. सकाळी उठल्यावर पहिला आवाज बाबांच्या प्रार्थनेचा, दुसरा आईच्या भांड्यांचा. आई नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. बाजरीशिवाय तिचं पान हलायचं नाही आणि इथे मिळायची नाचणी, म्हणून ती जन्मभर कुरकुरली. पण पावसाच्या तोंडावर आत्याने शेवळांची रानभाजी आणली की तिचा सगळा राग पळायचा. शेवळं सोलताना आत्या तिला दर वर्षी तेच बजावायची, "वैनी, आंबट काकडं घाल गं भरपूर, नायतर घसा खाजंल." आणि आई दर वर्षी म्हणायची, "ठाऊक आहे हो वन्सं, तुम्ही मला कालच लग्न होऊन आल्यासारखं सांगता." ती भाजी ताटात वाढली की बाबा पहिला घास घेऊन थोडा वेळ डोळे मिटायचे. मी समजायचे, प्रार्थना करताहेत.

आता मी नेरळला राहते, चौथ्या मजल्यावर. खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो, बाकी सगळीकडे बिल्डिंगा. मिशनच्या आवारातल्या अर्ध्या जागेवर शनिवार-रविवार येणाऱ्या लोकांचे बंगले झालेत. देवळाला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे आहे ते विचारायचं मी सोडून दिलंय. मधे कॉलेजातली एक चुणचुणीत मुलगी मोबाइल पुढे धरून विचारायला आली होती, "आजी, मिशनऱ्यांनी तुमची संस्कृती नष्ट केली, असं तुम्हाला वाटतं का?" मी तिला म्हटलं, "बाई गं, आधी चहा घे." एका चहात सांगता येण्यासारखं असतं, तर मी हे लिहायला कशाला बसले असते?

बाबांचं नाव मुळात पोशा. ठाकरवाडीतला आई-बापाविना वाढलेला पोर. मोठ्या बहिणीने, म्हणजे आत्याने, पेज पाजून वाढवलेला. एका पावसाळ्यात तापाने अगदी जायच्या बेताला आला, तेव्हा तिने त्याला पाठुंगळी मारून मिशनच्या दवाखान्यात आणलं. तो वाचला आणि तिथेच राहिला. मिशनच्या गोऱ्या पाद्र्याने, म्हणजे थोरल्या साहेबाने, त्याला बोर्डिंगात घातलं, पौलस नाव दिलं, इंग्रजी शिकवलं आणि शेवटी प्रचारक करून त्याच्याच वाडीत उपदेशाला पाठवलं. बूट घालून. आत्या तोवर विधवा झाली होती, पदरात एक मुलगी, सोमी. आणि आत्या वाडीची धवलारीण होती. म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्या ठाकरांत तेव्हा लग्नाला भटजी नसायचा. धवलारीण रात्रंदिवस धवले गायची, डोंगराला, नदीला, रानातल्या देवांना आणि दोन्ही घरांतल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायची, आणि मग लग्न लागायचं. पाच-सहा वाड्यांत आत्याच्या तोडीचा गळा नव्हता म्हणतात. मी म्हणतात असंच लिहिणार, कारण मी तो ऐकला नाही.

वाडीतली सात घरं बाबांच्या सांगण्यावरून ख्रिस्ती झाली, त्यात पहिलं आत्याचं. थोरल्या साहेबाने बाबांना विचारलं, ही बाई गाते त्यात काय असतं? साहेबाला आमची बोली येत नव्हती. बाबा सांगतील तो त्याला धवला. बाबा म्हणाले, मूर्तींना आणि भुतांना बोलावणं असतं. लोक आज सगळा दोष साहेबाच्या माथी मारतात, आणि तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हताच, गोऱ्यांचं राज्य पाठीशी असलेला माणूस होता तो. पण त्या दिवशी बाबांनी दुसरं काही सांगितलं असतं तर त्याला ते कळलंही नसतं. बाबांनी खरं मानलं होतं तेच सांगितलं. नव्याने शिकलेला माणूस किती कडक असतो! मग ते बहिणीकडे गेले आणि म्हणाले, हे आता गायचं नाही. आणि ती गायची थांबली. का, असं आईने तिला एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "एकच भाऊ हाय मला."

सोमीच्या लग्नाच्या वेळी मी सहा वर्षांची होते. लग्न देवळात झालं, मिशनने बुंदीचे लाडू वाटले. साहेबाने सोमीचं नाव सलोमी ठेवलं होतं, पण ती त्याला ओ द्यायची नाही, मग हसायची. आमच्याकडे लग्नात मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. बाबा तिचे एकुलते एक मामा, पण ते त्या दिवशी पाठीशी नव्हते, लग्न लावायला समोर होते, हातात पुस्तक घेऊन. आत्या शेवटच्या बाकावर बसली होती. वर्ष फिरायच्या आत सोमी पहिल्या बाळंतपणात गेली आणि मूलही गेलं. मी पुढे नर्स झाले, मिशनच्याच पैशावर शिकले, मला माहीत आहे ती कशाने गेली. रक्त थांबलं नाही आणि वाडीवरून खाली आणेपर्यंत उशीर झाला. पण वाडीत बोलले, की मेलेल्यांना आवतण गेलं नाही, मामा पाठीशी नव्हता, ते लग्न लागलंच नव्हतं. आत्या असं कधी बोलली नाही. दर रविवारी उपासनेला येत राहिली, दाराजवळ बसायची, गीत सुरू झालं की ओठ मिटून घ्यायची. फक्त बाबांशी बोलायचं तिने टाकलं.

मी पंधरा वर्षांची झाले त्या सुमाराला थोरला साहेब त्याच्या देशी निघून गेला आणि त्याच्या जागी धाकटा साहेब आला. असेल अठ्ठावीस-तिशीचा. चपला घालायचा, जमिनीवर बसून हाताने जेवायचा, पुस्तकातून शिकलेलं मराठी अगदी जपून जपून बोलायचा. आम्हा पोरींना त्याचं फार हसू यायचं. पहिल्याच महिन्यात त्याने इंग्रजीतून केलेल्या उपदेशात सांगितलं की आमचे लोक तुमच्या देशात फौजेच्या आणि रेल्वेच्या मागून आले, प्रभूबरोबर त्यांनी आपला सगळा बडेजावही आणला, तुमची नावं बदलली, तुमची गाणी बंद केली, हे पाप झालं. पुढे प्रभूचं नाव घ्यायचं तर ते तुमच्या गळ्याने, तुमच्या गाण्यात.  बाबा त्याच्या शेजारी उभे राहून वाक्य न् वाक्य मराठीत सांगत होते, आवाज नेहमीसारखाच खणखणीत. घरी येऊन मात्र जेवले नाहीत. आई ताट झाकून ठेवत फणकारली, "माझ्या आजाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मिशनच्या विहिरीवर मिळालं. त्याचीही माफी मागणार का हा पोरगा?" बाबा एवढंच म्हणाले, "तो खोटं बोलत नाही गं." मी आज साठ वर्षं त्या दोघांचं बोलणं मनात घोळवतेय. आईचं खरं होतं. साहेबाचंही खरं होतं. आणि मधे सापडले होते बाबा, ज्यांनी सगळं आयुष्य या कामात घातलं होतं.

कोणीतरी साहेबाला आत्याचं सांगितलं. त्याला हुरूप चढला. देवळाच्या वाढदिवसाची उपासना जवळ आली होती, त्या दिवशी तिने सगळ्यांसमोर धवला गावा, मिशनने तिची जाहीर माफी मागावी आणि ते गाणं टेपरेकॉर्डरवर घ्यावं, असं त्याने ठरवलं. बाबांना म्हणाला, तुम्ही बहिणीला विचाराल ना? धवला असा उगाच गात नाहीत, हे बाबांना काय माहीत नव्हतं? वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. पण 'नाही साहेब' हे दोन शब्द बाबांच्या जिभेला कधी लागलेच नव्हते. जुन्या साहेबाने बंद कर म्हटलं की बंद, नव्याने चालू कर म्हटलं की चालू. ते म्हणाले, "हो साहेब." आणि घरी येऊन मला म्हणाले, "रुत, आत्याकडे जाऊन येतेस?"

मी गेले तेव्हा आत्या अंगणात नाचणी पाखडत होती. मी निरोप सांगितला. तिने सूप खाली ठेवलं. "धवला म्हंजे गानं नव्हं गं," ती म्हणाली, "आवतान हाय. आमच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना नाव घेऊन बोलवायचं. ती आली की त्यांना मांडव पायजे, नवरी पायजे, पानावर भात पायजे. उगाच बोलावली आन् ती येऊन बसली, आन् इचारलं नवरी कुठं हाय, तर काय सांगू?" मी म्हटलं, मग साहेबाला नाही म्हणून सांगते. तिने हातातली नाचणी चोळली. मग म्हणाली, "मामा आसंल का तितं?"

"कोण मामा?"

"तुझा बाप गं."

"बाबा तर असणारच."

"मंग सांग, येते."

मी उड्या मारत खाली आले आणि बाबांना एवढंच सांगितलं, "येते म्हणाली." मामाचं काही सांगितलं नाही. ती बाबांना मामा का म्हणाली, हे मला कळलं नव्हतं, आणि बाबांचा चेहरा इतका उजळला होता की पुढचं बोलायचं मी विसरूनच गेले. पंधरा वर्षांच्या पोरीला काय अक्कल असणार, असं सगळे म्हणतील. मीही स्वतःला तेच सांगत आले आहे. पण तो अर्धा निरोप माझ्या उरावर आहे, तो काही उतरत नाही.

रविवारी आत्या आली ती पुढच्या फाटकातून. हिरवं लुगडं, केसांना तेल, बांबूच्या टोपलीत तांदूळ, हळद, आंब्याचे डहाळे. उपासना संपवून सगळे चिंचेखाली बसले होते, देवळाची पंच मंडळी आणि बाबा पुढे खुर्च्यांवर, साहेब जमिनीवर, समोर टेपरेकॉर्डर. आत्याने कोणाकडे न बघता पळसाचं पान मांडलं, त्यावर तांदूळ ओतले, हळद वाहिली, डहाळे रोवले. साहेबाने आनंदाने मशीन चालू केलं. आधी त्याला माफी मागायची होती. मराठी पुरणार नाही म्हणून तो इंग्रजीत बोलला, हात जोडून, आणि डोळ्यांत पाणी. ते पाणी खोटं नव्हतं, मी शपथेवर सांगते. बाबांनी ते मराठीत सांगायला सुरुवात केली, त्यांच्या नेहमीच्या शास्त्रातल्या मराठीत. आत्याने मान हलवली, "आपल्या बोलीत सांग."  मग मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून वाडीची बोली ऐकली. "सायब म्हनतो, आमी तुमचं गानं बंद केलं. तुमच्या मेलेल्यांना मांडवात येऊ दिलं नाय. चुकलं आमचं. माफी कर म्हनतो."

आत्याने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "सायबाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तवा त्यो पाळन्यात आसंल. तू काय म्हनतोस, पोशा?"

मधे मी नव्हते. आठ वर्षांत पहिल्यांदा. बाबांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. अहो, दुसऱ्याची माफी त्यांनी घडाघडा सांगितली होती! आत्याने वाटच सोपी करून दिली. "बोलू नको मंग. माझ्या सोमीचं लगीन लावायचं ऱ्हायलंय. मी आज लावते. आमची समदी बोलावते, सोमीला बी बोलावते. तू मामा हायस. तू नुसता पाठीशी उभा ऱ्हा. येवढंच पायजे मला."

पंच मंडळींत कुजबुज सुरू झाली. मेलेल्या मुलीचं लग्न, तेही देवळाच्या अंगणात! ज्याच्या विरुद्ध बाबा जन्मभर बोलत आले, तेच. बाबा खुर्चीच्या कडेवर आले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. आता उठतात, असं मला वाटलं.  साहेबाला यातलं काही कळत नव्हतं, त्याने वाकून विचारलं, काय म्हणतेय ती? आणि बाबा त्याच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "तिला बरं नाही, साहेब. आज गाता येणार नाही, म्हणते."

मला इंग्रजी येत होतं, बाबांनीच शिकवलेलं. आत्याला येत नव्हतं, पण तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. ती पानावरचे तांदूळ गोळा करायला लागली. कुठून बळ आलं कोण जाणे, मी उठले, तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आत्या, मी उभी राहते ना. मी मामाची मुलगी आहे." तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. "बस गं बाय," ती म्हणाली, "मामाच लागतो." टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. साहेब तिला गोळ्या देऊ का म्हणून फाटकापर्यंत मागे गेला.

पुढे साहेबाने ती टेप वाडीतल्या एका शिकलेल्या माणसाकडून समजून घेतली. रडून सुजलेल्या तोंडाने आमच्याकडे आला आणि म्हणाला, पौलस, माझं पुन्हा चुकलं, मला क्षमा करा. बाबा म्हणाले, "काही हरकत नाही, साहेब. चहा घेणार ना?" आईने आतून कप असा आपटला की त्याचा कान उडाला. साहेबाला माफ करायला बाबांना क्षणभरही लागला नाही. त्या वर्षअखेर तो आपल्या देशी परत गेला. आत्या त्यानंतर उपासनेला आली नाही, आमच्याकडेही नाही. मी वर जायचे तर मला शेंगा, करवंदं द्यायची, बाबांचं नाव काढायची नाही. बाबा दोनदा वाडीवर गेले. दोन्ही वेळा तिच्या दारातून परत आले, ती आत असताना. चौथ्या वर्षी ती गेली. धवले तिच्याकडून कोणी शिकलं नव्हतं. वाडीत आता लग्नाला खालून भटजी येतो.

बाबा बऱ्याच वर्षांनी गेले, माझ्याच घरी. शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळलेले होते, कूस बदलायलाही माझी मदत लागायची. एका दुपारी मी औषध द्यायला गेले तर डोळे टक्क उघडे. म्हणाले, "रुत, मला उभं कर."

"कशाला बाबा? पडाल."

"मामाला उभं ऱ्हायला पायजे," ते म्हणाले, वाडीच्या बोलीत.

माणसांना उचलण्यात माझी नोकरी गेली होती. मी त्यांना काखेत धरून उठवलं, पाय जमिनीला टेकवले. ते उभे राहिले. अंगात ताकद नव्हती, तरी त्यांनी दोन्ही हात पुढे केले, समोरच्या मुलीच्या खांद्यांवर ठेवावेत तसे, आणि वाट बघत राहिले. मला कळलं ते कशाची वाट बघताहेत. देवळातली सगळी गीतं मला तोंडपाठ होती, आणि धवल्याची एकही ओळ येत नव्हती.  बाबा दमेपर्यंत मी त्यांना तशीच धरून उभी राहिले, मग हळूच खाली निजवलं.